काचेतला शत्रू

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजही लढाईच आहे, पण तिच्यात शत्रू नव्हता. तरी ती दोन आठवडे रोज पहाटे साडेपाचला सुरू होत होती.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात माझ्या मुलीला सरकारी घर मिळालं आहे. आयएनए मार्केटजवळची, झाशीच्या राणीच्या नावाची ही वसाहत. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो. एप्रिलमध्ये एके दिवशी पहाटे मागच्या खोलीच्या खिडकीवर टकटक सुरू झाली. मला वाटलं, दूधवाला आला. बघतो तर बाहेर दयाळ पक्षी! काळा-पांढरा नर, शेपटी ताठ उभी. काचेवर झेप घ्यायचा, चोच मारायचा, खाली घसरायचा, पुन्हा वर यायचा. थोडा वेळ जवळच्या कडुलिंबावर बसून गायचा आणि परत हल्ला.

मी काय केलं? आतून पडदा ओढला. हल्ला दुप्पट झाला! फौजेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने शत्रू न ओळखताच चाल केली होती. खोलीत अंधार झाला की काच बाहेरून आणखी चांगला आरसा होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी मार्ग सुचवला. भिंतीत जुन्या एसीच्या पाइपचं भोक होतं, त्यात मादी बसलेली होती. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, घरटंच काढून टाका, कटकट मिटेल." मुलीला सकाळी लवकर ऑफिसला जायचं असतं, झोपमोड तिची होत होती. तीही गप्प राहिली. म्हणजे प्रश्न आता त्या अंड्यांचा झाला होता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो.

स्वतःच्याच प्रतिबिंबावर तुटून पडणारा प्राणी आपल्याला नवा नाही. पंचतंत्रातला भासुरक सिंह लहानपणी सगळ्यांनी ऐकलाय. विहिरीत दुसरा सिंह दिसला म्हणून त्याने उडी घेतली. आपण त्याला मूर्ख ठरवून मोकळे झालो. पण त्याला दुसरा सिंह सहन का होत नव्हता, हे आपण विचारलं नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईत सापडतो. १९०६-०७ च्या सुमाराला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा छर्‍याची बंदूक घेऊन चिमण्यांच्या मागे होता. भिंतीतल्या भोकात मादी अंड्यांवर, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर हजर! सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले, आणि हे सगळं वहीत लिहून ठेवलं. तो मुलगा म्हणजे सलीम अली. नोंद केली होती शिकारीची फुशारकी म्हणून, पण पुढे पक्ष्यांचं वर्तन समजून घेताना तिला वेगळंच मोल आलं. जागा मोकळी झाली की ती घ्यायला दुसरा नर टपलेलाच असतो. पहारा सोडला की घर गेलं. मग पहारेकरी चिडका असणार नाही तर काय?

इंग्लंडमध्ये एलियट हॉवर्ड यांनी १९२० साली पक्ष्यांच्या हद्दीवर पुस्तक लिहिलं आणि हा विचार नीट मांडला. नराचं गाणं आपल्याला गोड लागतं, पण इतर नरांसाठी ती ताकीद असते: इथून पुढे माझी हद्द. डेव्हिड लॅक या शाळामास्तरांनी रॉबिन पक्ष्यासमोर पेंढा भरलेला रॉबिन ठेवून पाहिला. त्याच्यावर हल्ला झाला. मग नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला, त्याच्यावरही हल्ला! त्यांचं पुस्तक १९४३ चं. म्हणजे पक्षी अख्खा शत्रू बघतच नाही. एक खूण दिसली की पुरे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धात हेच लॅक ब्रिटिश लष्करासाठी रडारवर काम करत होते. पडद्यावर अनोळखी ठिपके उमटायचे, माणसं गोंधळायची. त्यातले काही ठिपके चक्क पक्षी आहेत, हे लॅक आणि त्यांचे सहकारी व्हार्ली यांनी दाखवून दिलं. तेव्हा पडद्यावरच्या खुणेने आपणही फसतो, मंडळी. दयाळाला हसायचं कारण नाही.

आता प्रश्न काचेचा. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि गज असायचे. काच ही चैन होती. स्वदेशीच्या काळात, १९०८ साली, लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, त्याचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. पण ती काच कंदिलाची, बरणीची. भिंतभर सपाट, गुळगुळीत काच स्वस्त झाली ती वितळलेल्या कथलावर काच पसरवण्याच्या पद्धतीमुळे. पिल्किंग्टन या इंग्लिश कंपनीने ती १९५९ साली जाहीर केली. आपल्याकडे अशी काच, त्यातही उन्हासाठी गडद केलेली, गेल्या तीसेक वर्षांत घरोघर आली. आमच्या मागच्या खोलीलाही आधीच्या कुणीतरी तीच सरकती काच बसवली होती. दयाळाचा नियम हजारो वर्षांचा, आपला आरसा कालचा. आणि काचेतला नर कधी माघार घेत नाही, म्हणून लढाई संपत नाही.

इतकं कळल्यावर उपाय सोपा होता. आरसा बाहेर आहे, तेव्हा तो बाहेरूनच मोडायचा. नातवाला घेऊन मी काचेला बाहेरच्या बाजूने जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. पेपर नसेल तर साबणाचं दाट पाणी फासलं तरी चालतं. गाडीच्या आरशांवर पिशवी चढवली, कारण खिडकी बंद झाली की पक्षी आरसा शोधतो. घरट्याला हात लावला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित पक्ष्याची अंडी-घरटी बिघडवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे, हे शेजाऱ्यांना चहा पाजून सांगितलं. ते हसले, पण पुन्हा बोलले नाहीत.

दयाळाने दोन दिवस खिडकीभोवती चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे कडुलिंबावर नुसतं गाणं. पुढच्या आठवड्यात नर-मादी दोघंही चोचीत अळ्या घेऊन भोकापाशी यायला लागली. पिल्लं किती होती ते मला दिसलं नाही, आवाज मात्र भरपूर होता.

मे महिन्यात भोक शांत झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, आता पेपर काढायचे ना? खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो."

मी म्हटलं, "जुलैपर्यंत राहू दे. हे पुन्हा अंडी घालतात."

तिने उसासा टाकला आणि दिवा लावला.