कविवर बनारसीदास : एकत्वाचा ध्यास आणि ‘अर्धकथानक’

मनुष्यस्वभाव मोठा विलक्षण आहे. ज्या गोष्टीचा अनुभव आलेला नाही तिच्याविषयी तो अधिकारवाणीने बोलतो, आणि ज्याचा खरोखर अनुभव येतो ते सांगताना मात्र त्याची वाणी अडखळते. आत्म्याविषयी तर हे विशेषच खरे आहे. “मी देह नाही, मी शुद्ध चैतन्य आहे” हे वाक्य पाठ करण्यास अर्धे मिनिट पुरते. त्या वाक्याला योग्य होण्यास सारे आयुष्य अपुरे पडते. या दोहोंमधील अंतर ज्याने स्वतः चालून पाहिले आणि त्या वाटेवर आपण कोठे घसरलो हेही प्रांजळपणे लिहून ठेवले, असा एक श्रावक सतराव्या शतकात आग्रा नगरीत होऊन गेला. त्याचे नाव कविवर बनारसीदास.

एकत्व म्हणजे काय?

अद्वैत वेदान्तात जीवांचे अनेकत्व अखेरीस एका ब्रह्मात मावळते. जैन दर्शनाने मात्र जीव अनंत मानले आहेत. मुक्त झाल्यावरही प्रत्येक जीवाचे अस्तित्व स्वतंत्रच राहते. मग जैन विचारात एकत्व कोणत्या अर्थाने येते? आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ या ग्रंथात त्याचे उत्तर मिळते. आत्मा आपल्या ज्ञान-दर्शन स्वभावाशी एकरूप आहे आणि देह, कर्म व रागद्वेष यांपासून भिन्न आहे. ही ओळख पटणे म्हणजे एकत्वाचा अनुभव होय. याच दृष्टीने पाहिले असता मुंगी आणि हत्ती, राजा आणि रंक यांच्यातील चैतन्य जातीने सारखेच ठरते. जीव अनेक, परंतु स्वभाव एक. अहिंसेचा पाया या समानतेतच आहे.

परंतु कुंदकुंदांनी दोन नयांचा उपदेश केला. निश्चय नयाने आत्मा शुद्ध आहे; व्यवहार नयाने तो कर्माने बांधलेला असून त्याला व्रत, संयम आणि तप यांची आवश्यकता आहे. ज्याप्रमाणे परक्या भाषेच्या माणसाला त्याच्याच भाषेत समजावून सांगावे लागते, त्याप्रमाणे व्यवहारावाचून परमार्थाचा उपदेश होऊ शकत नाही, असा दृष्टान्तही त्यांनी दिला आहे. निश्चयाचे बोल ऐकण्यास गोड असतात, व्यवहाराचे पालन कष्टाचे असते. यामुळे मनुष्याचे मन पहिल्याकडे धावते आणि दुसऱ्याला टाळू पाहते. बनारसीदासांच्या जीवनात हेच घडले.

जव्हेऱ्याचा मुलगा

बनारसीदासांचा जन्म इ.स. १५८६ मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ जैन कुटुंबात झाला. वडील खरगसेन रत्नांचा व्यापार करीत. मुलाचे पहिले नाव विक्रमाजीत. पुढे काशीच्या पार्श्वनाथ मंदिरातील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून, भगवंतांच्या जन्मनगरीवरून त्याचे नाव बनारसी ठेवण्यात आले. त्या काळी व्यापाऱ्याचे जीवन सुरक्षित नव्हते. बनारसीदास बालवयात असतानाच, १५९८ च्या सुमारास, जौनपूरच्या नवाबाने तेथील जव्हेऱ्यांना पकडून फटके मारले आणि खरगसेनांना कुटुंबासह गाव सोडून जावे लागले.

तरुणपणी बनारसीदास विद्येत हुशार आणि वर्तनात स्वैर होते. त्यांनी शृंगाराची सुमारे हजार पद्ये रचली. एका संन्याशाने सांगितले की एक वर्षभर गुप्तपणे मंत्र जपल्यास दररोज दारात सुवर्णनाणे सापडेल. त्यांनी वर्षभर जप केला, नाणे काही मिळाले नाही. नंतर एका जोग्याने दिलेला शंख सदाशिव समजून ते पूजू लागले.

१६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली. पुढे काय होणार या भीतीने नगर हादरले. लोकांनी दागिने पुरून ठेवले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे नेसली. जिन्यावर बसलेले बनारसीदास ही वार्ता ऐकताच भोवळ येऊन खाली पडले आणि त्यांच्या डोक्याला जखम झाली. जहांगीर गादीवर आल्याचे कळले तेव्हा कोठे नगर शांत झाले. बरे झाल्यावर त्यांच्या मनात विचार आला की ज्या शंखाची एवढी पूजा केली त्याने या संकटात काय साह्य केले? ती पूजा त्यांनी सोडली. त्याच सुमारास एके दिवशी मित्रांसमवेत गोमती नदीवर गेले असता त्यांनी आपल्या शृंगारपद्यांची पोथी नदीत टाकून दिली. असत्य कल्पनांची एवढी रचना आपण का केली, याची त्यांना खंत वाटू लागली होती. त्यानंतर ते नित्यनियमाने मंदिरात जाऊ लागले आणि सामायिक, प्रतिक्रमण व श्रावकाचे नियम पाळू लागले. वडिलांना समाधान वाटले.

तथापि, व्यापारात यश आले नाही. १६१० च्या सुमारास वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. काही रत्ने हरवली, मालात नुकसान झाले आणि खिसा रिकामा झाला. एका कचोरीवाल्याने त्या दिवसांत त्यांना उधारीवर जेवू घातले. “माझ्याजवळ पैसे नाहीत” असे त्यांनी स्पष्ट सांगितल्यावरही त्या भल्या माणसाने हात आखडता घेतला नाही. सायंकाळी घरी जमलेल्या मंडळींना बनारसीदास ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवीत. पुढे दिवस पालटल्यावर त्यांनी कचोरीवाल्याचा हिशेब चुकता केला. मोठमोठ्या तत्त्वचर्चा करणाऱ्या या कवीने त्या अनामिक दुकानदाराचा उपकार आपल्या चरित्रात जतन करून ठेवला, ही गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते.

‘समयसारा’चे वाचन आणि बारा वर्षांचा गोंधळ

इ.स. १६२३ मध्ये अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी बनारसीदासांच्या हाती ‘समयसार’ दिले. आचार्य अमृतचंद्रांच्या कलशांवर पांडे राजमल्ल यांनी लोकभाषेत लिहिलेली टीकाही सोबत होती. वाचन सुरू झाले आणि बनारसीदासांची दृष्टीच पालटली. आत्मा जर शुद्धच आहे, तर पूजा, सामायिक आणि प्रतिक्रमण कशासाठी? बाह्य क्रिया त्यांना पोकळ वाटू लागली. एकामागून एक नियम सुटत गेले. क्रियेची गोडी संपली, पण आत्म्याचा स्वाद मात्र आला नाही. आपल्या त्या अवस्थेचे निदान त्यांनी नंतर स्वतःच केले आहे.

चंद्रभाण, उदयकरण आणि थानमल या तीन मित्रांची त्यांना साथ मिळाली. चौघेही अध्यात्माच्या गप्पा करीत, देवापुढे ठेवलेला नैवेद्यदेखील खात. एका खोलीत दार लावून, वस्त्रे टाकून ते नाचत आणि आपण परिग्रहरहित मुनी झालो असे म्हणत. श्रावक आणि यती या दोघांनीही त्यांची निंदा केली. बनारसीदासांचे नाव मोठे असल्यामुळे निंदेचा अधिक वाटा त्यांच्याच पदरी पडला.

या प्रसंगाला केवळ थट्टेचा विषय समजणे योग्य होणार नाही. त्यामागे मनुष्यमनाची एक गंभीर गफलत आहे. ‘मी शुद्ध आहे’ हा विचार बुद्धीला पटला म्हणजे तो अनुभवास आला, असे मन समजते. वस्त्र टाकले म्हणजे ममत्व टाकले, अशी त्याची कल्पना होते. एकत्वाच्या नावाखाली अहंकारच नवे रूप घेऊन उभा राहतो. पूर्वी त्याला धनाचा अभिमान होता, आता ज्ञानाचा होतो, एवढाच काय तो फरक. विशेष म्हणजे याच काळात ‘ज्ञानपच्चीसी’, ‘ध्यानबत्तीसी’ यांसारख्या अध्यात्मरचना त्यांच्या लेखणीतून उतरत होत्या. शब्द उत्तम असूनही जीवन रिते असू शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा कोणता द्यावा?

रूपचंदांचे आगमन

सुमारे बारा वर्षांनी, इ.स. १६३५ मध्ये, पंडित रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी ‘गोम्मटसारा’चे वाचन केले. आचार्य नेमिचंद्रांच्या या ग्रंथात जीवाच्या चौदा गुणस्थानांचे वर्णन आहे. मिथ्यात्वापासून अयोगी केवलीपर्यंत आत्म्याची चढण कशी असते, कोणत्या पायरीवर कोणते कर्म बाधक ठरते आणि त्या पायरीला कोणती क्रिया अनुरूप असते, हे रूपचंदांनी श्रोत्यांना उलगडून दाखविले.

बनारसीदासांचा भ्रम येथे दूर झाला. शिखराचे वर्णन वाचून कोणी शिखरावर पोहोचत नाही. आपण ज्या पायरीवर उभे आहोत त्या पायरीचे कर्तव्य करणे, हाच वर चढण्याचा मार्ग आहे. क्रिया आणि ज्ञान परस्परांचे शत्रू नाहीत. स्याद्वादाच्या दृष्टीने दोन्ही आपापल्या ठिकाणी सत्य आहेत. पुढच्याच वर्षी, इ.स. १६३६ मध्ये, शाहजहानच्या राजवटीत त्यांनी ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ पूर्ण केला. रूपचंद, चतुर्भुज, भगौतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास या अध्यात्मचर्चेतील सोबत्यांचा उल्लेख त्यात आढळतो. जो ग्रंथ वाचून ते भरकटले होते, त्याच ग्रंथावर त्यांनी आपली सर्वश्रेष्ठ रचना केली.

अर्धी कथा, पूर्ण प्रामाणिकपणा

याउपर सर्व काही सुरळीत झाले असते तर ही कथा एखाद्या बोधकथेसारखी संपली असती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. बनारसीदासांचे तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, सात मुलगे आणि दोन मुली. त्यांतील एकही जगले नाही. शेवटचा मुलगा ‘समयसार नाटक’ पूर्ण झाल्यानंतर गेला. एवढे अध्यात्म जाणूनही पुत्रशोक त्यांना आवरला नाही, मोहाचे बळ किती प्रचंड असते ते त्यांना तेव्हा कळले. आणि त्यांनी ते लपविले नाही.

इ.स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले पद्यमय आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. ६७५ पद्यांचा हा ग्रंथ हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानला जातो. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपले गुण सांगितले आणि लगेच आपले दोषही मोजून दाखविले. धनाचा लोभ सुटत नाही, जप-तपाची गोडी नाही, थोड्या लाभाने हर्ष होतो, थोड्या हानीने चिंता लागते, असत्य बोलले जाते, कधी अकारण भय वाटते, एकान्त मिळाला की नाचावेसे वाटते, अशी ती कबुली आहे. अध्यात्माचा जाणकार म्हणून ज्याची कीर्ती होती त्याने हे लिहावे, यातच त्याच्या साधनेचे फळ दिसते. दार लावून ‘आपण मुनी झालो’ म्हणणारे बनारसीदास आता दार उघडून ‘आपण अद्याप श्रावकच आहोत’ असे सांगत होते. एकत्वाच्या अनुभवाजवळ ते पहिल्यापेक्षा दुसऱ्या अवस्थेत अधिक होते, यात शंका नाही.

पुढील परंपरा

बनारसीदासांच्या अध्यात्ममंडळीचा प्रभाव पुढे दूरवर पसरला. त्याला विरोधही झाला. उपाध्याय यशोविजय आणि मेघविजय या श्वेतांबर विद्वानांनी या मताचे परखड परीक्षण करणारे ग्रंथ लिहिले. अठराव्या शतकात जयपूरच्या पंडित टोडरमलांनी ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ या ग्रंथात केवळ निश्चयाचा आभास धरून बसणाऱ्यांना आणि केवळ व्यवहाराचा आभास धरणाऱ्यांना, दोघांनाही सावध केले. एकोणिसाव्या शतकात श्रीमद् राजचंद्रांनी (१८६७-१९०१) ‘आत्मसिद्धी’मध्ये जड क्रियेत अडकलेला आणि शुष्क ज्ञानात अडकलेला असे दोन्ही प्रकारचे साधक दाखवून दिले. बनारसीदासांविषयी त्यांना आदर होता. बनारसीदासांप्रमाणे तेही जवाहिराच्या व्यापारात होते. मुंबईत मोठा सौदा संपताच ते धर्मग्रंथ किंवा आपली टिपणवही उघडीत, ही आठवण महात्मा गांधींनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. पेढी आणि आत्मचिंतन यांच्यात भिंत नसते, हे या दोन्ही जव्हेऱ्यांनी दाखविले.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी एक ऋणानुबंध आहे. पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईतील आपल्या ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ या संस्थेतर्फे १९४३ मध्ये ‘अर्धकथानक’ संपादून प्रकाशित केले. तीनशे वर्षे हस्तलिखितांत राहिलेली ही आत्मकथा त्यामुळे सामान्य वाचकाच्या हाती आली.

उपसंहार

‘समयसार’ आज घरोघरी वाचले जाते, स्वाध्यायाचे वर्ग भरतात, आणि क्रिया श्रेष्ठ की ज्ञान श्रेष्ठ हा वादही अधूनमधून डोके वर काढतो. पूजा-अभिषेक करणारा स्वाध्यायीला कोरडा म्हणतो, स्वाध्यायी त्याला भोळा म्हणतो. सर्व जीवांतील चैतन्य समान आहे असे मानणाऱ्यांनी शेजारच्या साधर्मिकाला कमी लेखावे, यासारखी विसंगती नाही. बनारसीदासांनी दोन्ही टोके स्वतः अनुभवली होती. एकत्वाची कसोटी सभेतील भाषणात लागत नाही. दुकानातील हिशेबात, उधारी फेडण्यात, दुःखाच्या प्रसंगी आणि स्वतःचे दोष कबूल करण्यात ती लागते, हे त्यांच्या जीवनावरून दिसून येते.

सुवर्णमहोत्सव हेदेखील एक प्रकारचे अर्धकथानकच असते. पन्नास वर्षांची कथा लिहून झालेली असते, पुढील पाने कोरी असतात. अशा वेळी कार्याच्या गौरवाबरोबर उणिवांचीही नोंद करण्याचे धैर्य ज्या समाजात असते, त्याची पुढील कथा अधिक उजळ होते. बनारसीदासांना आयुष्याचा दुसरा अर्धा भाग लाभला नाही. ‘अर्धकथानक’ लिहिल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा देह पडला. परंतु त्यांनी लिहिलेला अर्धा भाग सत्य होता, म्हणून तो आजही अपुरा वाटत नाही.