कढईतले उरलेले तेल

चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला की कढईत काळसर तेल उरते. ते टाकवत नाही आणि पुन्हा वापरवतही नाही. असले उरलेले तेल एकेकाळी युद्धावर गेले होते!

तेलातुपात मेदाम्ले आणि ग्लिसरीन एकत्र बांधलेली असतात, हे फ्रान्सच्या शेव्ह्रलने १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले. पुढे १८४७ साली इटलीच्या सोब्रेरोने या गोडसर, निरुपद्रवी ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन हे भयंकर स्फोटक बनविले.

दुसऱ्या महायुद्धात जपानने पॅसिफिकमधला खोबरेल-पामतेलाचा मार्ग तोडला. तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारने गृहिणींपुढे हात पसरला: तळणातली चरबी गाळून डब्यात साठवा आणि खाटकाकडे द्या. पौंडाला चार सेंट मिळत; पुढे रेशनचे गुणही मिळू लागले. डिस्नेच्या चित्रपटात तर मिनी उंदरीण प्लूटो कुत्र्याच्या वाटणीची चरबी देशासाठी राखून ठेवते. मुले हसली असतील; पण बाँबचे सामान स्वयंपाकघरातून मागावे, ही गोष्ट मला मास्तरकीत इतकी वर्षे घालवूनही मुलांना हसत सांगवत नाही.

आज उलटे झाले आहे. भारतातही २०१८पासून वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना आहे. तेलात मिथेनॉल आणि अल्कली घातली की इंधन वेगळे होते व ग्लिसरीन तळाशी बसते. पूर्वी खनिज तेलातून एपिक्लोरोहायड्रिन काढून त्यापासून ग्लिसरीन बनवीत. आता कारखाने या स्वस्त ग्लिसरीनपासूनच एपिक्लोरोहायड्रिन बनवितात, आणि त्यातून रंग नि चिकटद्रव्यांसाठी लागणारे इपॉक्सी राळ होते.