राजधानीचा कोतवाल आणि आपली नगरपरिषद

उमरखेडसारख्या गावी नगरपरिषदेचा विषय निघाला की आपले बोलणे नळ, गटारे आणि दिवे यांपाशीच थांबते. परंतु नगरकारभाराचा मूळ प्रश्न निराळा आहे : कारभाऱ्याने जाब कोणाला द्यायचा? तो नीट उमगावा म्हणून आपण पेशव्यांच्या पुण्याकडे पाहू.

गादी साताऱ्यास असली तरी मराठी राज्याची सूत्रे पुण्यास होती. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली. नवी पेठ वसविताना काही वर्षे करमाफीचा कौल मिळे. पेठेतील व्यापाराची व्यवस्था शेटे-महाजन पाहत. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शहरातील हौदांत आणले. शहराचा मुख्य अंमलदार कोतवाल. चोरांचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, बाजारभाव, वजनेमापे, घरजागेची खरेदीविक्री, लहानसहान तंटे, सारे त्याच्या चावडीवर चाले. आजचे पोलीसठाणे, न्यायालय आणि नगरपालिका एकाच ओसरीवर बसावीत, तसा तो प्रकार होता.

मग उणीव कोणती? कोतवाल सरकारचा, त्याचा हिशेबही सरकारलाच. पेठकऱ्यांना त्याला नेमण्याचा वा काढण्याचा हक्क नव्हता. १७७७ पासून घाशीराम सावळदास कोतवाल होता. नाना फडणीसांचा त्याच्यावर विश्वास होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. शहर खवळले. अखेर कोतवालाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. याला आपण न्याय म्हणणार नाही. तक्रारीला दार नसले म्हणजे ती रस्त्यावर येते, एवढाच त्याचा अर्थ.

१८१८ साली पेशवाई गेली. १८५७ साली पुण्यास नगरपालिका झाली, तरी लोकनियुक्त सभासद तिच्यात हळूहळूच आले. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना राज्यघटनेत स्थान दिले आणि त्यांची मुदत पाच वर्षांची ठरविली.

आपले उमरखेड राजधानी नव्हे. तरीही राजधानीतल्या सावकाराला जो हक्क नव्हता, तो आज इथल्या हातगाडीवाल्याला आहे : कारभारी निवडण्याचा आणि त्याला जाब विचारण्याचा. मात्र तो हक्क पाच वर्षांतून एकदाच, मतदानाच्या दिवशी वापरून आपण घरी बसलो, तर मधल्या काळापुरता आपणच पुन्हा कोतवाल नेमला, असे होईल.