बर्लिनला नोकरीसाठी जाताना: पत्ता, करार आणि धर्माचा रकाना

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांच्या तोंडी आता बर्लिनचे नाव वारंवार येते. बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत असते. पण बर्लिनमध्ये पहिल्या तीन महिन्यांत नेमके काय करायचे, हे सांगणारे माणूस घरात नसते. ज्यांचे काका-मामा आधीच तिकडे आहेत त्यांना ही माहिती जेवताना बोलता बोलता मिळून जाते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, वस्तीत ‘ओळख’ म्हणतात. ती नसलेल्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. रकमा २०२५ सालच्या आहेत; त्यांतल्या बऱ्याच जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज करताना पुन्हा तपासा.

निघण्यापूर्वी

पदवीधरांसाठी मुख्य वाट म्हणजे ‘ब्लू कार्ड’. त्यासाठी २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराचा करार हातात लागत होता. टंचाईच्या क्षेत्रांसाठी आणि नुकतेच पदवीधर झालेल्यांसाठी ही मर्यादा त्या वर्षी साधारण ४३,७६० होती. पदवी आणि विद्यापीठ तिकडे मान्य आहे का, ते ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी यादीत पाहता येते. तिथे नाव सापडले नाही तर पदवीचे वेगळे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि त्यात वेळ जातो. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असतो.

पगार ऐकल्याबरोबर रुपयांत गुणाकार करू नका. ४८,३०० मधून कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन वगैरे वजा होऊन एकट्या माणसाच्या हातात महिन्याला अडीच ते पावणेतीन हजार युरो पडतात. त्यातून घरभाडे जाते आणि घरी पैसे पाठवायचे असतात. बहिणीच्या लग्नाचा खर्च याच आकड्यावर ठरवून ठेवलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. घरच्यांसमोर बसून हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडावा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. जातीची ओळख नको म्हणून आपल्यातले काही जण आडनाव लावत नाहीत. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसा, करार, बँक आणि विमा या सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने कसे येईल, ते आधी ठरवा. नंतर दुरुस्त करणे फार त्रासाचे होते.

सगळ्याचे मूळ पत्ता

घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत ‘ब्युर्गरआम्ट’ या नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. सोबत घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. या नोंदणीनंतरच कर क्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर पगारातून जास्त दराने कर कापला जाऊ शकतो, जो पुढे परत मिळवत बसावा लागतो. शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये वेळ घेता येते, आपल्याच भागातले हवे असे नाही. वेळ मिळणे अवघड असते. रद्द झालेल्या वेळा दिवसभर अधूनमधून दिसतात, त्या पाहत राहायच्या.

तिथे इमारतीत फ्लॅटला नंबर नसतो, टपालपेटीवरच्या नावावरून पोस्टमन पत्र टाकतो. पेटीवर तुमचे नाव नाही तर पत्र परत जाते. पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी चिकटवा.

खोली मिळणे हीच खरी लढाई आहे. भाड्याच्या घरातली एक खोली सहाशे-सातशे युरोंच्या खाली सापडणे कठीण. घरमालक ‘परदेशात’ आहे, आधी पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असे कोणी सांगितले तर तो फसवणारा समजा. ‘आनमेल्डुंग मिळणार नाही’ असे जाहिरातीत असेल तर ती खोली घेऊ नका. पैसे देऊन खोटा पत्ता नोंदवून घेणे बेकायदेशीर आहे. अनामत रक्कम कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाहीत.

मग बरेच जण भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोली शोधतात. सोय होते, पण जातही तिथे पोहोचलेली असते. एका तरुणाला फोनवर आधी ‘व्हेज आहात ना’ आणि मग ‘पूर्ण नाव काय’ असे विचारले गेले. नाव सांगितल्यावर खोली अचानक ‘गेलेली’ निघाली, आणि जाहिरात मात्र आठवडाभर तशीच होती. जर्मनीच्या २००६ च्या समान वागणूक कायद्यात वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, वय असे आधार आहेत, जात हा शब्द नाही. शिवाय देणारा त्याच घरात राहत असेल तर कायद्याचा हात तिथे फारसा पोहोचत नाही. नोकरीत असा प्रकार घडला तर मात्र संदेश जपून ठेवा, कारण या कायद्याखालचा दावा दोन महिन्यांच्या आत लेखी मांडावा लागतो. बर्लिन राज्याने २०२० मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात ‘सामाजिक दर्जा’ हा आधार आहे. तो राज्याच्या सरकारी कार्यालयांना लागू होतो, खासगी घरमालकाला नाही. म्हणून आमचा सल्ला असा की फक्त भारतीय ग्रुपवर विसंबू नका, जर्मन आणि इतर देशांच्या लोकांसोबतच्या खोल्याही पाहा.

धर्माचा रकाना

पत्त्याच्या नोंदणी अर्जात धर्म विचारतात. एका मुलीने आम्हाला रात्री अकरा वाजता फोन करून विचारले, काय लिहू? इकडे जनगणनेत ‘बौद्ध’ लिहा म्हणून आपण घरोघरी फिरतो, त्यामुळे प्रश्न तिला मोठा वाटणे साहजिक होते. तिथला रकाना करासाठी आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट अशा नोंदणीकृत चर्चच्या सदस्यांकडून सरकार चर्च कर वसूल करते. बर्लिनमध्ये तो आयकराच्या ९ टक्के असतो. बौद्धांना तो लागत नाही. कर घेणाऱ्या संघटनांपैकी कोणाचेही तुम्ही सदस्य नाही, एवढीच नोंद होते. ती जरा नाराज झाली. खरे सांगायचे तर आम्हीही झालो. पण न समजता भलत्याच चौकटीवर खूण केली तर दरमहा पैसे कापले जातात, आणि ते थांबवण्यासाठी रीतसर बाहेर पडण्याची प्रक्रिया करावी लागते.

करार आणि काढून टाकणे

पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असते, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते. बेकारी भत्ता मिळण्यासाठी साधारणपणे मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे पहिल्या वर्षी नोकरी गेली तर बहुधा हाती काहीच नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय घरी मोठी रक्कम पाठवू नये, असे आम्ही हट्टाने सांगतो.

नोकरीवरून काढल्याची नोटीस कागदावर, सहीसह द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरची नोटीस कायद्याने चालत नाही. कागद मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दाद मागता येते, त्यानंतर दार बंद होते. ‘परस्पर संमतीने’ सोडतोय अशा कागदावर जागच्या जागी सही करू नका. त्यामुळे भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडू शकतो. नोकरी गेली की दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. ‘व्हेर्डी’सारख्या कामगार संघटनेचे सदस्यत्व सुरुवातीलाच घ्या, कारण त्यांची कायदेशीर मदत सदस्यांनाच असते.

रोजचे जगणे

रविवारी दुकाने बंद असतात. रात्री दहानंतर आवाज नको. ‘डॉइचलांड टिकिट’ हा मासिक पास (२०२५ साली ५८ युरोंचा होता) देशभरातल्या लोकल, मेट्रो, बस, ट्रामला चालतो. डाळी-मसाले तुर्की आणि आशियाई दुकानांत मिळतात. तातडीची वैद्यकीय मदत ११२ वर, एरवी डॉक्टरांसाठी ११६११७. जर्मन भाषा मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात सुरू करून जा. ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो. बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांनी.

हिवाळ्याबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडते आणि चारच्या आत सूर्य मावळतो. फोन करणारी मुले जानेवारीत सर्वांत जास्त रडतात, त्यात काही कमीपणा नाही. अशा दिवसांत एखाद्या सुटीला एस-१ लोकलने फ्रोनाऊला जाऊन यावे. तिथे डॉ. पाउल डाल्के यांनी १९२४ मध्ये बांधलेले ‘दास बुद्धिस्टिशे हाउस’ आहे, युरोपातल्या सर्वांत जुन्या बुद्धविहारांपैकी एक. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते श्रीलंकेच्या धर्मदूत संस्थेकडे आहे. रस्त्यापासून झाडीतून बऱ्याच पायऱ्या चढून वर जावे लागते. बर्फ असेल तेव्हा बूट चांगले घाला.