जामीन आहे, न्यायला कोणी नाही

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन. हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्याशेजारी दुसरा एक इतिहास ठेवावासा वाटतो.

मुलांच्या हाताला काम देण्याचा प्रयोग त्याआधी ८० वर्षे मुंबईत झाला होता. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या मदतीने गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी सुधारशाळा आकाराला आली. तिथले काम मुलाला वळण लावण्यासाठी होते. वर्ध्याच्या नई तालीममध्ये तेच काम शिक्षण झाले. काम तेच, पण मुलाकडे पाहण्याची नजर वेगळी.

ती नजर कायद्यात यायला फार वेळ लागला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. तिथे मुलांसाठी वेगळा कायदा १९२८ साली झाला. तरीही देशभर मुले तुरुंगात खितपत राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, सोळा वर्षांखालील मुलावर सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर तपास तीन महिन्यांत आणि खटला आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत संपला पाहिजे. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला.

आजचा २०१५ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवू देत नाही. गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हा नियम आहे, नाकारणे हा अपवाद. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा बाल न्याय मंडळापुढे न्यायचे, अटी बदलण्यासाठी. गरिबाच्या पोरासाठी केलेली ही तरतूद किती घरांना माहीत आहे?

आपल्या मोहल्ल्यातले पोर उचलले गेले की आपण आधी दारे लावून घेतो. आई एकटी धावते, दलालाला पैसे देते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हे तिला कोणी सांगत नाही. पोर निरीक्षणगृहात वाट पाहत राहते; शाळा सुटते, परीक्षा जाते. निकाल लागण्याआधीच शिक्षा भोगून होते.

झाकीरसाहेबांचे नाव घेणाऱ्या आपण निदान एवढे करावे: त्या आईबरोबर मंडळासमोर जावे आणि निरीक्षणगृहातल्या पोराच्या हातात त्याची पुस्तके पोहोचवावीत.