माधवदास निर्वात : नौली, आतडे आणि एक दाबमापक

१/ पोट फुगते, शौचास साफ होत नाही, छातीत जळजळते. तपासणीत मात्र व्रण नाही, गाठ नाही. रचना शाबूत, कार्य बिघडलेले. अशा काही विकारांवर आज डॉक्टरही श्वसनाचे व्यायाम सुचवतात. श्वास आणि आतडे यांचा संबंध उपकरणाने मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केला.

२/ जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग. काही काळ अमळनेरला अध्यापनही केले.

३/ त्यांच्यापुढे एक जुने कोडे होते. हठयोगातील बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत घेतो. पिचकारी नाही, पंप नाही. मग पाणी वर चढते कसे? परंपरेचे उत्तर प्राण-अपानाच्या भाषेत होते.

४/ १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात बडोद्यातील रुग्णालयात उड्डियान आणि नौली करताना पोटाची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. आतड्यातील दाबही मोजला गेला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, हवा आत न घेता छाती फुलवतात. श्वासपटल वर सरकते, पोट खपाटीला जाते. नौलीत याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू आखडून पुढे काढतात.

५/ निष्कर्ष : नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो. म्हणूनच पाणी आत शिरते. या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास निर्वात’.

६/ १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. गुरुमुखातून मिळणारी विद्या आता छायाचित्रे आणि मोजमापांसह छापली जाऊ लागली. ती पडताळण्याची वाट परक्यालाही खुली झाली.

७/ येथे एक भेद महत्त्वाचा आहे. दाब घटतो, हे या प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे बद्धकोष्ठता बरी होते, हे त्यांतून सिद्ध होत नाही. त्यासाठी उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची तुलना लागते.

८/ आजचा वैद्यकीय व्यायामही वेगळा आहे : संथ, पोटाने घेतलेला श्वास. अन्ननलिका श्वासपटलातील छिद्रातून जाते. तेथील स्नायू झडपेला आधार देतात. म्हणून आम्लाचा ओघ वर येणे, सतत ढेकर येणे, गिळलेले अन्न पुन्हा तोंडात येणे यांवर हा श्वास उपयोगी ठरू शकतो. हे वाचून कोणी नौली करू लागू नये. हर्निया, व्रण वा गरोदरपणात ती वर्ज्य मानतात.

९/ ‘योग विज्ञानाने सिद्ध झाला आहे’ असे सांगताना कुवलयानंदांचे नाव अनेकदा घेतले जाते. या प्रयोगांत मात्र त्यांनी एका क्रियेबद्दल एकच प्रश्न विचारला आणि आतड्यातील दाब मोजून त्याचे उत्तर दिले. पुढचे प्रश्न पुढच्यांनी याच रीतीने सोडवायचे होते.