परसदारचा कप

आमचं आदिलाबाद पैनगंगेच्या अलीकडे. बाजारात तेलुगू, घरात मराठी, आणि फडताळात मराठी बायबलशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आजी दुपारी ती मोठ्यानं वाचायची.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्या लोकांना पाठच आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा.

पण आजीचा जीव लक्ष्मीबाईंत. त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सोडलं नाही. टिळकांनी सक्ती केली नाही, हे मला फार मोठं वाटतं. मग एकदा विचार करता करता त्यांनाच उमगलं, की देवानं माणूस केला, जाती माणसानं. त्यानंतर त्या कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. बाप्तिस्मा पुढे, 1900 साली. म्हणजे पाण्याआधी मन बदललं!

आता आमचं सांगतो, लाज वाटते तरी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, पण परसदारी कोनाड्यात कानतुटका कप असायचा. कापूस वेचायला येणाऱ्या बायांसाठी, वेगळा. रोज प्रार्थना व्हायची, कप तिथंच.

एका दुपारी हेच पान वाचताना आजी थांबली. बराच वेळ गप्प. मी म्हटलं, “वाच ना गं.” ती म्हणाली, “थांब, ऐकू दे.” मग उठून तिनं तो कप आणला, धुतला, आणि स्वतःचा चहा त्यात ओतला.